रंगाची पुडी की रंगाची नळी?

शाळांच्या हस्तकला-प्रदर्शनांत अलीकडे जे पाहावयास मिळते, त्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. टेबलावर कागदाचे किल्ले असतात, आकाशकंदील असतात, शुभेच्छापत्रे असतात, गणपतीचे मखर असते. सारे नीटनेटके, चकचकीत आणि पाहताक्षणी मन प्रसन्न करणारे. परंतु जरा जवळ जाऊन पाहिले म्हणजे ध्यानात येते की दहा मुलांच्या दहा वस्तूंवरचा निळा एकच आहे, तांबडा एकच आहे, आणि चमकीचा कागदही एकाच दुकानातला आहे. सिटी सेंटरसारख्या नव्या वस्तीत राहणाऱ्या आपणा मंडळींची सोय अशी की घराबाहेर पाऊल टाकले की नळीतले रंग, कापून ठेवलेली फुले, चिकटवायची नक्षी, किंबहुना तयार प्रतिकृतीसुद्धा विकत मिळतात. मुलाचे काम उरते ते चिकटविण्याचे, आणि पुष्कळ घरी तेही आई किंवा दादा करतो. परीक्षक येतात, सफाई पाहतात, गुण देतात. या व्यवहारात ज्याच्या वडिलांची पिशवी मोठी त्याचा क्रमांक वर लागतो, ही गोष्ट कोणी बोलून दाखवीत नाही इतकेच.

माझे म्हणणे असे आहे की पाचवी ते आठवीच्या वर्गांनी कागदकामासाठी नळीतले रंग काही काळ बाजूस ठेवावेत, पुडीतले, म्हणजे भुकटीचे रंग घ्यावेत, त्यांत डिंक स्वतः कालवावा, आणि प्रदर्शनात वस्तूशेजारी त्या रंगांच्या चाचणीच्या पट्ट्याही मांडाव्यात. गुण द्यावयाचे ते दोन्ही पाहून द्यावेत. हे म्हणणे जुन्याच्या हौसेपोटी केलेले नाही. नळीतल्या रंगांशी माझे वैर नाही. चित्रकाराला ते हवेतच. पण ज्याने रंग कधी कालविलाच नाही, त्याला रंग म्हणजे काय हे समजण्याचा मार्गच या सोयीने बंद होतो, आणि शाळेचे काम तो मार्ग उघडा ठेवण्याचे आहे.

रंग म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. पाण्याने काढावयाच्या कोणत्याही रंगात मुख्यतः दोन वस्तू असतात : एक रंगीत भुकटी आणि दुसरी ती भुकटी कागदाला धरून ठेवणारा डिंक. नळी ही फार अलीकडची सोय. जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली दाबता येणारी धातूची नळी शोधून काढली, तोपर्यंत तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. आपल्याकडे तर पुडीचे राज्य त्यानंतरही पुष्कळ काळ चालले. रंगपेट्यांमुळे ज्यांचे नाव घरोघरी झाले, त्या दांडेकर बंधूंनी, दिगंबर व गोविंद दांडेकरांनी, १९३१ साली मुंबईत आरंभ केला तो शाईच्या पुड्या आणि वड्या करून. घोडा छापाची ती शाई विद्यार्थी घरी पाण्यात विरघळवून दौतीत भरीत. आजी-आजोबांना विचारून पाहा, शाईची पुडी पाण्यात टाकल्यावर बोटे किती दिवस निळी राहात ते ते सांगतील.

ग्वाल्हेरच्या मुलांना तर या विषयाचा धडा घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालातील संग्रहालयात बाघच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला आहेत. बाघ हे गाव आज धार जिल्ह्यात आहे. पूर्वी ते ग्वाल्हेर संस्थानात होते. तेथील लेणी पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची, आणि चौथ्या लेण्याला लोक रंगमहाल म्हणतात. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची धुरा तेव्हा मोरेश्वर बळवंत गर्दे या मराठी विद्वानाकडे होती. भिंतीवरची चित्रे ओलीने व धुराने नष्ट होत चालली होती, म्हणून १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी चित्रकारांस पाचारण करून त्यांच्या नकला करून घेण्यात आल्या. मूळ चित्रे काढण्याची रीत अशी की भिंतीवर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालविलेली भुकटी. म्हणजे बाघच्या भिक्षूंच्या भिंतीवर जी युक्ती चालली तीच आपल्या कागदावरही चालते. भिंत मोठी आणि कागद लहान, एवढाच फरक.

आता त्या भुकट्यांकडे वळू. सर्वांत सोपी आणि सर्वांत टिकाऊ ती मातीची. गेरू म्हणजे लोखंडाच्या गंजाचाच एक भाऊ. पिवळी माती म्हणजे त्याच लोखंडाच्या संयुगात पाण्याचा अंश मिसळलेला. ग्वाल्हेर जिल्ह्यातही गेरूचे साठे आहेत. अजिंठ्याचा तांबडा आणि पिवळा याच जातीचा. येथे एक प्रयोग करण्यासारखा आहे, आणि शाळेत मी सुचवितो त्या साऱ्या प्रयोगांत तो मला सर्वांत प्रिय आहे. स्वयंपाकात न लागणाऱ्या एखाद्या जुन्या लोखंडी पळीत चिमूटभर पिवळी माती घ्यावी आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली ती चांगली तापवावी. काही मिनिटांत ती आधी तपकिरी आणि मग तांबडी होते. आतले पाणी निघून गेले आणि पिवळ्याचा गेरू झाला. थंड झाल्यावरही ती पुन्हा पिवळी होत नाही. एका भुकटीतून दोन रंग, आणि मध्येच उतरविली तर तिसराही, कोणत्याही दुकानात न मिळणारा. ज्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिले त्याला रसायनशास्त्राच्या पुस्तकातले ते वाक्य पाठ करावे लागत नाही.

निळ्याची गोष्ट याहून रंजक. पूर्वी खरा गर्द निळा म्हणजे लाजवर्द. तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून यावयाचा आणि अतिशय महाग पडावयाचा. १८२४ साली फ्रान्समधील उद्योगोत्तेजक मंडळाने हा निळा कृत्रिम रीतीने करून दाखविणारास सहा हजार फ्रँकांचे बक्षीस लावले, आणि १८२८ साली ते गिमे नावाच्या रसायनज्ञास मिळाले. बदख्शानचा तो राजेशाही निळा पुढे इतका स्वस्त झाला की आपल्या आया धुतलेल्या धोतरांना आणि साड्यांना तो देऊ लागल्या. कपड्याची निळीची भुकटी ती हीच. (नीळ म्हणून जी वनस्पती असते तिचा रंग वेगळा, नाव एक, वस्तू दोन.) या भुकटीने रंगविलेल्या कागदावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला तर तेवढ्यापुरता निळा फिका होत जातो आणि नाक जवळ नेल्यास कुजक्या अंड्याचा किंचित वास येतो, कारण या निळ्यात गंधक आहे आणि आंबटाने ते सुटते. शुभेच्छापत्रावर निळ्या आकाशात पांढरे ढग काढावयाचे असतील तर ब्रशाऐवजी लिंबू वापरून पाहण्यास हरकत नाही. खिडक्या मात्र उघड्या ठेवाव्यात.

येथवर झाले ते भुकटीचे. खरी गंमत आणि खरा त्रास सुरू होतो तो डिंक कालविताना, आणि कागदकामाची किल्ली त्यातच आहे. बाभळीच्या डिंकाचे खडे दुप्पट पाण्यात रात्रभर भिजत घालावेत, सकाळी फडक्यातून गाळावेत, त्यात मधाचा एखादा थेंब आणि लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब टाकावा. मधामुळे रंग वाळल्यावर कडक होऊन तडकत नाही, आणि लवंगेमुळे डिंक लवकर नासत नाही. भुकटी काचेवर घेऊन या पाण्याने घोटावी. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर कागदावर चकाकतो आणि सोलून निघतो. प्रमाण किती, असे मुले विचारतात. त्याचे एक उत्तर नाही, आणि हेच मला महत्त्वाचे वाटते. गेरू जितका डिंक मागतो तितका निळा मागत नाही, आणि काजळी तर आपल्याच तोऱ्यात असते. ती तेलकट असल्यामुळे पाण्यावर नुसती तरंगते, कितीही ढवळा बुडत नाही. तिला आधी घट्ट डिंकात चोळून चोळून वश करावे लागते, तेव्हा कोठे ती पाण्यात मिसळते. जुने लेखक पोथीची शाई करताना काजळी तासन्‌तास घोटीत, ते उगाच नव्हे.

मग येते घडी. चित्रकाराचा कागद सपाट राहतो, त्यामुळे त्याला ही चिंता नाही. कागदकाम करणाराचा कागद मुडपला जातो. गेरूचा जाड थर दिलेला कागद दुमडला की घडीच्या धारेवर रंग फुटतो आणि पांढरी रेघ उमटते. किल्ल्याचे बुरूज, कंदिलाच्या पाकळ्या, मखराचे खांब, सगळीकडे हीच रेघ दिसते, आणि मुले ती लपविण्यासाठी वरून चमकीची पट्टी चिकटवितात. यावर उपाय तीन आहेत. घडी आधी घालावी आणि रंग नंतर द्यावा. किंवा घडीच्या जागी रंगाचा हात अगदी पातळ ठेवावा. किंवा तेथे कागदात मुरणारा रंग वापरावा. मुरणारा म्हणजे शाईच्या पुडीसारखा, पाण्यात विरघळून कागदाच्या तंतूंत शिरणारा. माती विरघळत नाही, ती कागदावर बसते. शाई विरघळते, ती कागदात उतरते. हा भेद एकदा कळला की पुडी हाती येताच मूल आधी चिमूटभर पाण्यात टाकून पाहते, ती तळाशी बसते की पाणी रंगते. ही सवय त्याला पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत उपयोगी पडेल.

कागदाचेही म्हणणे ऐकावे लागते. यंत्रावर केलेल्या कागदाला धार असते. तंतू एका दिशेने जास्त आडवे पडलेले असतात, त्या दिशेने घडी सरळ येते, आडव्या दिशेने ती खरबरीत होते. कागद ओला केला की तो धारेला आडवा फुगतो आणि वाळताना वाकतो. म्हणून रंगविण्यापूर्वी कागद ओला करून पाटावर चारी कडांनी चिकटपट्टीने ताणून बसवावा आणि वाळल्यावर कापावा. हातकागदाला ही धार फारशी नसते. आपल्यापासून फार लांब नसलेल्या काल्पी येथे तो आजही होतो, आणि एक तरी ताव वर्गात आणून दोहोंतला फरक मुलांच्या बोटांना दाखवावा.

दिवाळीच्या आकाशकंदिलाने या साऱ्या ज्ञानाची परीक्षा होते. दिवसा गेरूने रंगविलेला कंदील किती देखणा दिसतो! संध्याकाळी आत दिवा लावला की तो काळवंडतो. मातीचे कण उजेड अडवितात, त्यांतून प्रकाश पलीकडे जात नाही. तोच कागद हळदीच्या पाण्याने किंवा शाईने रंगविलेला असेल तर दिवा लागताच तो उजळून निघतो. म्हणून कंदिलाच्या पाकळ्यांना मुरणारे रंग आणि सांगाड्यावरच्या पट्ट्यांना मातीचे रंग, अशी योजना करावी. पट्ट्या काळ्या दिसतील आणि पाकळ्या अधिक खुलतील. बाजारातला प्लास्टिकचा कंदील यापेक्षा अधिक उजेड देईल, हे मान्य. पण तो तसा का उजळतो, हे तो विकणारालाही सांगता येणार नाही.

हळदीचा उल्लेख आला म्हणून तिच्याविषयी थोडे. आपल्या घरचे कुंकू पूर्वी हळदीचेच करीत. हळदीला चुन्यासारख्या क्षाराची जोड मिळाली की ती लाल होते. हळदीच्या कागदावर चुन्याच्या निवळीने नक्षी काढली की पिवळ्यावर लाल उमटते, आणि लहान मुले टाळ्या पिटतात. परंतु हा रंग विश्वासू नव्हे. कागदाची एक लांब पट्टी घ्यावी, तीवर हळद, गेरू, निळीची भुकटी, शाई आणि होळीचा गुलाल यांचे एकेक बोट ओढावे, पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा आणि उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवावा. पुठ्ठा काढल्यावर जे दिसते त्याला कोणत्याही भाषणाची जोड नको. हळद उडालेली असते. गेरू जसाच्या तसा असतो. बाकीच्यांचे काय झाले ते मुलांनी स्वतःच लिहून ठेवावे. ही पट्टी प्रदर्शनात वस्तूशेजारी टांगलेली असली पाहिजे, असा माझा आग्रह आहे, कारण तिच्यात आई-वडिलांचा पैसा कोठेच शिरू शकत नाही. तेथे लागतो तो महिनाभराचा धीर.

सजावटीच्या कागदाचे तर किती प्रकार भुकटीतून निघतात! ओल्या कागदावर शाईची कोरडी पूड चिमटीने भुरभुरावी, म्हणजे एकेक कण फुटून पिसाऱ्यासारखा पसरतो. त्यावर मिठाचे चार खडे टाकले तर प्रत्येक खड्याभोवती फिकट चांदणी उमटते. मैद्याच्या खळीत रंग कालवून तो कागदावर पसरावा आणि जुन्या फणीने ओढावा, की लाटांची नक्षी तयार. वहीला घालावयास याहून सुंदर कागद नाही. आणि अबरी! अबर म्हणजे ढग. घट्ट पाण्यावर रंग तरंगवून, काडीने फिरवून, वरून कागद टेकवून उचलावयाची ही विद्या तुर्कस्तान-इराणातून दख्खनेत आली, आणि सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी तीत अशी कमाल केली की घोडा आणि स्वार यांच्या आकृतीच त्यांनी अबरीच्या ढगांतून काढल्या. जुन्या वह्या-चोपड्यांच्या पुठ्ठ्यांवर अबरी असे. शब्द आपल्या कोशात आहे, वस्तू आपल्या घरातून गेली.

कागद आणि पुडीचे रंग यांच्या संगतीतून केवढा व्यवसाय उभा राहू शकतो, हे पाहावयाचे तर कोकणातील सावंतवाडीचा गंजिफा पाहावा. गंजिफा म्हणजे गोल पत्त्यांचा खेळ. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसन यास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारच्या गंजिफ्याचे वर्णन अबुल फजलने केले आहे. आपल्याकडे तो खेळ दशावतारी झाला : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण एकशे वीस. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून, घोटून, भुकटीच्या रंगांनी रंगवून आणि वर लाखेचा हात देऊन हे पत्ते करीत. ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या सुमारास उरल्यासुरल्या वृद्ध चितारी कारागिरांकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारखाना घातला, म्हणून ती वाचली. राजवाड्यातील माणसांनी जमिनीवर बसून कारागिराकडून शिकावे, हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. शिकविणारा एक म्हातारा उरला असतानाही विद्या परत येऊ शकते. तोही गेला की पुस्तकावरून ती पुरती परत येत नाही, कारण डिंक किती, याचे उत्तर पुस्तकात नसते.

आपल्या गावातही अशा गोष्टी होत्या आणि काही अजून आहेत. लग्नघराच्या दारावर गणपती आणि हत्ती काढणाऱ्या चितेऱ्यांची कला ग्वाल्हेरची स्वतःची आहे. बांबू आणि कागदाचे ताजिये शिंदे सरकारच्या काळात दरबारी इतमामाने निघत, आणि ते करणारे हात याच शहरातले होते. हिंदूंचे मखर आणि मुसलमानांचा ताजिया यांना लागणारी कात्री, खळ आणि रंगाची पुडी एकच. शाळेने अशा एखाद्या कारागिरास वर्षातून एकदा बोलवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा बिनदप्तराचे दिवस सांगितले आहेत, ते याच कामासाठी आहेत. त्या दिवसांत सहल काढून मोकळे होणे सोपे आहे, हे मी जाणून आहे.

आता एका बाबतीत जुन्याच्या भक्तांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. पूर्वीचे सर्व रंग नैसर्गिक, म्हणून निर्धोक, असे सांगण्यात येते. हे साफ चूक आहे. पोथ्यांना कीड लागू नये म्हणून ज्या हरताळाने कागद पिवळा करीत, त्यात सोमल आहे. मनशिळेतही तोच आहे. हिंगुळात पारा आहे, शेंदरात शिसे आहे, आणि जुन्या सफेद्यातही शिसे होते. ही नावे चित्रकलेच्या ग्रंथांत शोभतात, मुलांच्या हातात नव्हे. देवघरातील शेंदूर मारुतीच्या मूर्तीपुरता ठेवावा. तो कागदकामात आणू नये. जिल्द बांधणारे खळीत मोरचूद घालीत, कीड मरावी म्हणून. मुलांनी तेही घालू नये. पांढऱ्यासाठी खडूची पूड पुरते. शिवाय कोणतीही भुकटी, गेरूची असो की रांगोळीची, कोरडी उडवू नये आणि फुंकू नये. पुडी उघडावी ती पाण्याच्या वाटीजवळ, आणि आधी पाणी शिंपडावे. धूळ छातीत गेली की ती गेरूची आहे की हरताळाची, एवढाच फरक राहतो. दोन्ही नकोतच.

यावर जे आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. कपडे मळतील, असे आया म्हणतील. मळतील, परंतु गेरू धुतला की जातो, आणि शाईच्या दिवशी जुना सदरा घालता येतो. वेळ जाईल, असे शिक्षक म्हणतील. हा आक्षेप खरा आहे. आठवड्याच्या एका तासिकेत डिंक भिजत नाही आणि रंग वाळत नाही. पण दोन तासिका जोडून देणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे, आणि वर्षभरात पाच वस्तू करण्याऐवजी दोन केल्या तर आकाश कोसळणार नाही. तिसरा आक्षेप असा की अशा वस्तू ओबडधोबड दिसतील आणि पाहुण्यांसमोर शाळेची शोभा जाईल. येथे मात्र मी नम्रपणे विचारतो की शोभा कोणाची? दुकानाची की मुलांची? सफाईला गुण आहेत तोवर सफाई विकत आणली जाणारच. तो मुलांचा दोष नसून गुणपत्रिकेचा दोष आहे. चाचणीच्या पट्ट्यांना निम्मे गुण ठेवले तर दोन वर्षांत प्रदर्शनाचे रूप पालटलेले दिसेल. रंगाची पेटी न परवडणारे मूल, ज्याने आपल्या पळीत मातीचे तीन रंग भाजून काढले, ते त्या टेबलामागे मान वर करून उभे राहील.

एक गोष्ट आपल्या बाजूने आपोआप घडली आहे. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आली. गणपतीच्या मखरासाठी पांढऱ्याशुभ्र थर्मोकोलच्या कमानी आणण्याची जी रीत घरोघरी पडली होती, तिला कायद्यानेच खीळ बसली. काही घरी आता प्लास्टिकची फुले आली, काही घरी मात्र पुन्हा पुठ्ठा आणि खळ बाहेर निघाली. मखर हे कागदकामातले सर्वांत मोठे आणि सर्वांत आनंदाचे काम. त्याच्या खांबांना गेरू, महिरपीला निळीची भुकटी, पाठीमागे फणीने ओढलेला खळीचा कागद, आणि दिवा लागतो तेथे हळदीचा पातळ कागद. किल्ल्यावरच्या मानमंदिराच्या भिंती पाहिल्या आहेत ना? राजा मानसिंह तोमराने पाचशे वर्षांपूर्वी लावलेल्या त्या रंगीत फरशांवर १५२८ साली बाबराची नजर खिळली होती, आणि हिरव्या फरशांत काढलेली केळीची झाडे त्याने आपल्या आत्मचरित्रात नमूद केली. ती बदकांची रांग आणि त्या केळी मखराच्या कमानीवर उतरविण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

साहित्याविषयी विचारणा होईल म्हणून लिहितो. गेरू, पिवळी माती आणि बाभळीचा डिंक लष्करात काष्ठौषधींच्या दुकानांत, ज्यांना येथे पंसारी म्हणतात तेथे, सुटा मिळतो. सिटी सेंटरच्या दुकानांत तो शोधीत बसू नये. डिंक घेताना खडे स्वच्छ व फिकट पाहून घ्यावेत, तपकिरी डिंकाने निळा मळतो. निळीची भुकटीच मागावी, पातळ निळीची बाटली चालणार नाही. काच जुन्या तसबिरीची असली तरी पुरते, मात्र कडांना पट्टी लावून घ्यावी. उन्हाच्या पट्टीसाठी खिडकी दक्षिणेची निवडावी, आणि पट्टी टांगली त्या दिवशीची तारीख पुठ्ठ्याच्या मागे शिसपेन्सिलीने लिहून ठेवावी, शाईने नव्हे.